साडेआठचा आकडा

रोज सकाळी साडेआठच्या ठोक्याला आमच्या शेजारचे दामूअण्णा स्पीकरवर फोन लावतात आणि पलीकडच्या माणसाला एकच शब्द विचारतात, "किती?" पलीकडून उत्तर येतं, "शून्य." अण्णा म्हणतात, "बरं," आणि फोन ठेवतात. झालं संभाषण. भवानी पेठेतल्या आमच्या दोन घरांत एकच भिंत, तीही अर्ध्या विटेची, त्यामुळे सगळं ऐकू येतं. माझी बायको त्या "बरं"वर कुकर लावते. घड्याळ मागे पडेल, अण्णा पडायचे नाहीत.

सुरुवातीला मला वाटलं, हा मटक्याचा आकडा असावा. माणूस एकटा, बिनलग्नाचा. लावत असेल तर लावो बापडा. पण रोज शून्यच यायला लागल्यावर मला राहवेना. विचारलं तेव्हा कळलं, तो पाऊस होता. मिलिमीटरमध्ये.

अण्णा पाण्याच्या एका सरकारी कचेरीत इंजिनियर. त्यांच्या कॉम्प्युटरवर भीमेच्या खोऱ्याचं मॉडेल आहे. माझ्यासारख्या लूम चालवणाऱ्या माणसाला समजलं ते असं: कुठे किती पाऊस पडला, त्यातलं जमीन किती प्याली, ओढ्याला किती उतरलं आणि धरणात किती पोचेल, हे ते मॉडेल बसल्या जागी सांगतं. त्यावरून साहेब लोक ठरवतात, कालव्याला किती सोडायचं आणि शहराला प्यायला किती राखायचं. त्यासाठी रोज साडेआठला गावोगावचा पाऊस लागतो. बाकी गावांचे आकडे कचेरीत येतात. मंगळवेढ्याकडच्या एका गावचा मात्र अण्णा घरून, स्वतः फोन करून घेतात.

आमच्या पेठेत नळ चार-पाच दिवसांनी येतो, आणि पाण्याच्या कचेरीतला माणूस शेजारी असल्यावर बायका त्याला सोडतात होय?

"अण्णा, उद्या नळ येणार का हो?"

"शक्यता साठ टक्के."

"मग घागरी घासू की नको?"

"साठ टक्के घासा."

हे ते विनोदानं म्हणत नाहीत. मी त्यांना विनोद करताना कधी पाहिलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर हसतानाही फारसं नाही.

त्यांचं एक पालुपद आहे. "कोऱ्याला शून्य म्हणू नका." शून्य म्हणजे कुणीतरी सकाळी उठून बघितलं, पाऊस नव्हता, तसं लिहिलं. कोरं म्हणजे कुणी बघितलंच नाही. कचेरीतला एखादा नवखा माणूस कोऱ्या रकान्यात शून्य भरून मोकळा होतो आणि मॉडेल बिचारं समजतं, तिथे कोरडं ठाक पडलंय. मग त्यावर पाणी वाटलं जातं. त्या नवख्याला अण्णा असं झापतात की तो दुसऱ्या दिवशी बदलीचा अर्ज लिहितो.

पण या पालुपदानं माझ्या मुलीचं लग्न जमवलं, हेही सांगितलं पाहिजे. मुलाकडचे बघून गेले आणि महिनाभर निरोप नाही. बायको म्हणाली, नकारच तो, आणि डोळ्याला पदर लावून बसली. अण्णा भिंतीपलीकडून थेट आमच्या दारात. "नकार म्हणजे शून्य. तो आलाय का? नाही. हे कोरं आहे. फोन करा." मी मानापमान गिळून फोन केला. मुलाचे वडील दवाखान्यात होते, बाकी सगळं पसंत होतं. लग्नात अण्णांना आम्ही पहिल्या पंगतीला बसवलं.

त्याच दिवशी, जेवणं आटोपल्यावर, मी त्यांना विचारलं, "रोज फोन करता, पण त्या माणसाला कधी 'जेवलास का' तरी विचारा की. कोण आहे तो?"

"थोरला भाऊ," अण्णा म्हणाले. मग पानात उरलेली बुंदी बोटानं बाजूला सारत सांगू लागले.

सुबराव त्यांचं नाव. वडील लवकर गेले. सुबरावांनी मेंढरं विकून धाकट्याला शिकायला घातलं. पुढे धाकटा नोकरीला लागला, थोरल्यानं कालव्याच्या पाण्यावर डाळिंबाची बाग केली, आणि धाकट्यानं कचेरीत सांगून पर्जन्यमापक त्याच्याच बांधावर बसवला. मग एक वाईट वर्ष आलं. धरणात पाणी थोडं. अण्णांच्या मॉडेलनं सांगितलं, कालव्याला पाण्याची उन्हाळी पाळी दिली तर शहराला मृगापर्यंत प्यायला पुरणार नाही. अण्णांनी तसं लिहून दिलं, सही केली. पाळी रद्द झाली. ऐन फळावरची बाग उभ्या उभ्या वाळली.

"दादा एवढंच म्हणाला, 'पाणी कुणी बी तोडलं असतं तर सोसलं असतं. तू तोडलंस.' तेव्हापासून बोलत नाही. आकडा तेवढा देतो."

"मॉडेल चुकलं होतं का?"

"नाही हो. अगदी बरोबर निघालं." हे सांगताना त्यांचा चेहरा असा झाला की चुकलं असतं तर बरं, असं मला वाटून गेलं. त्या उन्हाळ्यात आमच्या पेठेला पाणी पुरलं होतं. मीही ते प्यालो होतो, आणि कधी कुणाच्या बागेचं प्यालो हे मनातसुद्धा आलं नव्हतं. लाज वाटली मला.

गेल्या पावसाळ्यात त्या गावच्या पंचायतीच्या गच्चीवर आपोआप पाऊस मोजणारं यंत्र बसलं. आकडा परस्पर कॉम्प्युटरवर यायला लागला. बांधावरचा जुना मापक बंद झाल्याचं पत्र सुबरावांना गेलं. फोनचं काही कारणच उरलं नाही. पहिल्या दिवशी बायकोचा कुकर उशिरा लागला आणि मी अर्धकच्चं वरण खाऊन लूमवर गेलो. अण्णा साडेआठला हातात फोन घेऊन गॅलरीत उभे राहायचे, पावणेनऊला आत जायचे. त्यांचे गाल आत गेले. नळाचं विचारलं तर "माहीत नाही" म्हणू लागले. टक्केसुद्धा गेले.

तीन आठवडे असेच गेले. एका सोमवारी माझा कारागीर मंगळवेढ्याहून पहिल्या एसटीनं आला तो घोट्यापर्यंत काळ्या चिखलात. "लई झोडपलंय आमच्याकडं चार दीस," म्हणाला. मी त्याला तसाच अण्णांपुढे उभा केला. अण्णांनी कॉम्प्युटर उघडला. त्या गावापुढे शून्य, शून्य, शून्य.

"यंत्र शून्य म्हणतंय," ते म्हणाले.

मी कारागिराच्या पायांकडे बोट केलं. "अण्णा, हे शून्य आहे की कोरं?"

घड्याळात आठ सत्तावीस झाले होते. साडेआठ व्हायची वाट बघत आम्ही तिघे बसलो. मग अण्णांनी फोन स्पीकरवर लावून टेबलावर ठेवला, लिहायला हात मोकळे हवेत म्हणून, आणि विचारलं, "किती?"

पलीकडे खोकल्याची उबळ आली. मग सुबराव म्हणाले, "कुटल्या दिसापासनं सांगू?"

अण्णांच्या हातातलं पेन थांबलं.

"यंत्र बसल्यापासनं," अण्णा म्हणाले.

"लिही."

आणि सुबरावांनी वाचायला सुरुवात केली. बंद झालेल्या मापकातलं पाणी ते रोज साडेआठला मोजत होते आणि वहीत मांडत होते. "पैला दीस, शून्य. दुसरा, शून्य. तिसरा, शून्य." पुढचे इतके दिवस शून्य असं एका वाक्यात सांगता आलं असतं. त्यांनी तसं सांगितलं नाही. एकेक शून्य वेगळं सांगितलं, आणि अण्णांनी एकेक वेगळं लिहिलं, मान वर न करता. माझा कारागीर हसायला लागला तेव्हा मी त्याचा दंड दाबला. शेवटी आले चार ओले दिवस: "बारा. एकतीस. चाळीस. आज आठ."

आकडे संपले. अण्णा म्हणाले, "बरं." पण फोन कुणीच ठेवला नाही. पलीकडे पुन्हा खोकला.

"यंत्राच्या तोंडात चिमणीनं घरटं केलंय," सुबराव म्हणाले. "काढू का?"

"नको," अण्णा म्हणाले. मग जरा थांबून, "राहू दे एवढ्यात."

"उद्या इचारशील न्हवं?"

"व्हय, दादा."

बागेचा विषय कुणी काढला नाही. खोकल्याचंही विचारायचं राहिलं. मंगळवारी साडेआठला भिंतीपलीकडे फोन लागला.

"किती?"

"शून्य."

"बरं."

बायकोनं कुकर लावला.