कुलपातला कोट

भूगोलाच्या सरांना हवामान शिकवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. बावीस वर्षं त्यांनी फळ्यावर 'उष्ण व दमट' लिहिलं होतं, पोरांकडून घोकून घेतलं होतं आणि ज्याने हे दोन शब्द लिहिले नाहीत त्याचे दोन मार्क कापले होते. त्यात आपलं-परकं नाही. पोटच्या लेकीने सातवीत 'तिथे कपडे वाळत नाहीत' असं उत्तर लिहिलं, तर तिलाही भोपळा! पोरगी आठवडाभर अबोला धरून होती, पण सर बधले नाहीत.

त्यामुळे परदेशातल्या शाळेत नोकरी लागली आणि तिथली हवा नेमकी तीच निघाली, तेव्हा सर म्हणाले, "ती हवा मला तोंडपाठ आहे." आणि लग्नातला काळा लोकरी कोट बॅगेत भरला. नोकरीवाली, शहाणीसुरती झालेली लेक नको नको म्हणत राहिली. सर नुसते हसले.

नोकरी तीन महिने तात्पुरती होती. मग मोठ्या बाई, म्हणजे तिथल्या मुख्याध्यापिका, मागच्या बाकावर बसून सरांचा एक तास बघणार, आणि पसंत पडला तर कायम करणार. कायम झाल्याशिवाय बायकोला आणायचे कागद मिळणार नव्हते. ती तिकडे लेकीकडे बॅग भरून बसली होती. सर इकडे सवयीने दोन कप चहा टाकायचे आणि दोन्ही एकटेच प्यायचे.

खोली दाखवतानाच घरमालकीणबाईंनी बजावलं होतं, कपाटाचं दार उघडं ठेवा आणि आतला छोटा बल्ब चालू राहू द्या. सरांनी मान डोलावली. बाई जिना उतरल्याबरोबर बल्ब काढला, कोट टांगला आणि कुलूप ठोकलं. कपाट उघडं ठेवा म्हणणारी मालकीण! सर काय दुधखुळे होते? किल्ली त्यांनी दोऱ्यात ओवून गळ्यात घातली.

तासाच्या दिवशी सकाळी कुलूप उघडलं. काळा कोट अंगभर हिरवा झाला होता. त्याच्यावर बुरशीची अशी लव आली होती की हात फिरवला तर गुरगुरेल. पण बिनकोटाने जायचं सरांना पटेना. ब्रशने घासला, वर अर्धी बाटली अत्तर शिंपडलं आणि चढवला.

वर्गात पंखे गरगरत होते. फळ्यावर 'उष्ण व दमट' लिहून सर वळले, समजवायला हात उचलला, तर बाहीतून हिरवी पूड उडाली. पहिला बाक शिंकला. मग दुसरा. शिंका मजल दरमजल करीत मोठ्या बाईंपर्यंत पोचल्या. खडूची पूड आहे, असं सरांनी सांगून पाहिलं. पुढच्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी उठली.

"सर, तुमच्या हातातला खडू पांढरा आहे."

सरांच्या डोळ्यांपुढे भरलेल्या बॅगेवर बसलेली बायको आली, आणि त्यांना फार वाईट वाटलं. आता थापा मारून काय उपयोग? त्यांनी कोट काढला आणि फळ्याच्या खिळ्याला टांगला.

"मुलांनो, हे दोन शब्द मी बावीस वर्षं शिकवले. त्यांचा अर्थ मला आज सकाळी कळला."

आणि सगळं सांगून टाकलं, कुलूप, बल्ब, मालकीणबाईंवरच्या संशयासकट. मग वर्गच बोलायला लागला. कुणाच्या घरी मिठाचं पाणी होतं, कुणाच्या बुटात बुरशी धरते, कुणाकडे उबेने कपडे कोरडे राहावेत म्हणून कपाटात दिवसरात्र बल्ब जळतो, कुणाची आजी काडेपेटी तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवते. दोन वेण्यांची म्हणाली, आमच्याकडे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. सरांनी तेवढं वाक्य फळ्यावर लिहिलं आणि थोडा वेळ तिकडेच तोंड करून उभे राहिले.

तास संपल्यावर मोठ्या बाई नाक पुसत पुढे आल्या. असा हवामानाचा तास आपण पाहिला नव्हता, उद्या येऊन कागद घेऊन जा, असं म्हणाल्या. "हे साधन मात्र पुन्हा वर्गात आणू नका."

संध्याकाळी सरांनी लेकीच्या घरी फोन लावला. बायकोला ये म्हणून सांगितलं आणि फोन लेकीला द्यायला लावला.

"सातवीतलं तुझं उत्तर बरोबर होतं गं. चुकलं माझंच. दोन्ही मार्क दिले."

लेकीचा आवाज आला, थोडा ओला.

"मार्कांचं राहू द्या, बाबा. आई विचारतेय, तिथल्या कपाटाला कुलूप नीट आहे ना? शालू आणतेय ती."

सरांनी गळ्यातली किल्ली चाचपली.

"कुलूप एकदम नीट आहे," ते म्हणाले. "म्हणूनच शालू तिकडे ठेव म्हणावं."