"कशामुळे?" विचारणारा धुरी

मनोहर धुरी माणसांना नावाने ओळखत नसे, नंबराने ओळखत असे. आमचे मोठे साहेब जिना चढून धापा टाकत आले की हा मान खाली घालून पुटपुटायचा, "चारशे दोन आला रे, चहाचा ग्लास लपव." हिशेबातल्या बाई सकाळी सकाळी करवादत आल्या की म्हणायचा, "चारशे एक. आज चढलंय." एकदा माझ्याकडे बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, "तू अजून मोकळा आहेस. पण पापड कमी कर."

हे काही कैद्यांचे नंबर नव्हेत, आजारांचे आहेत. ऐंशीच्या दशकात आम्ही दोघं उपनगरातल्या एका इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागात होतो. पेशंट घरी गेला काय नि वर गेला काय, त्याचा केसपेपर खाली आमच्याकडे यायचा. डॉक्टरने काय आजार लिहिलाय तो वाचायचा, जाडजूड इंग्रजी पुस्तकात त्याचा नंबर शोधायचा आणि कोपऱ्यात टाकायचा. वर्षाच्या शेवटी कुठल्याशा कचेरीत त्याची बेरीज व्हायची. ती कोण वाचायचं देव जाणे. मला तरी कधी कोणी भेटला नाही.

त्या पुस्तकात ब्लडप्रेशरचं घराणं चारशे एकपासून सुरू होतं. चारशे एक म्हणजे नुसतंच प्रेशर. त्याने हृदय धरलं की चारशे दोन, किडनी धरली की चारशे तीन, आणि असंच पुढे. डॉक्टरने नुसतं "बीपी" असं खरडलं असेल तर मागे पॉइंट नऊ लावायचा. पॉइंट नऊ म्हणजे कसलं प्रेशर ते ठाऊक नाही. आम्ही बाकीचे कारकून दिसेल तिथे पॉइंट नऊ ठोकायचो आणि पाचच्या ठोक्याला चपला पायात घालायचो.

धुरीला पॉइंट नऊ म्हणजे शिवी वाटायची. "पॉइंट नऊ हा आजार नाय रे, आळस आहे," असं म्हणत तो केसपेपर उचलून वॉर्डात जायचा. आदल्या दिवसापासून जागा असलेला एखादा कोवळा डॉक्टर त्याच्या तावडीत सापडायचा. हा त्याच्यापुढे उभा राहून विचारायचा, "डॉक्टरसाहेब, ह्या बाईंचं प्रेशर कशामुळे?" एकदा एक जण कळवळून ओरडला, "धुरी, तुमच्यामुळे!" धुरीने त्यावर शांतपणे मान हलवली. "तसा कोड नाय पुस्तकात," म्हणाला आणि तिथेच उभा राहिला. पुढे पुढे तो येताना दिसला की डॉक्टर चादरींच्या खोलीत शिरायचे.

हे इस्पितळात ठीक होतं. माणूस कामाला चिकटला की लोक चालवून घेतात. पण धुरी हे घरी घेऊन जायचा, आणि त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्यांच्या घरी घेऊन जायचा.

भटवाडीत त्याच्या चाळीतले एक काका वारले. मीही गेलो होतो. बायका रडतायत, तिरडी बांधून होतेय, आणि धुरी काकांच्या मेव्हण्याला कोपऱ्यात घेऊन विचारतोय, "दाखल्यावर काय लिहिलंय?"

"हार्ट फेल," मेव्हणा डोळे पुसत म्हणाला.

"हार्ट सगळ्यांचंच फेल होतं हो. हार्ट चालू ठेवून कोण मेलाय? कशामुळे फेल?"

मेव्हण्याने त्याची कॉलर धरली. मी मध्ये पडलो म्हणून, नाहीतर धुरीच्याच दाखल्यावर काय लिहायचं हा प्रश्न आला असता. मी काही फार गोड माणूस नाही, पण एवढी अक्कल मला आहे, की मयताच्या घरी चूप बसावं. त्याला ती नव्हती.

असल्या माणसाला एक मुलगी होती. संध्या. बायको संध्या लहान असतानाच टायफॉइडने गेली. घरात धुरीची विधवा बहीण, तिला सगळी चाळ अक्का म्हणायची. संध्या टेलिफोन खात्यात लागली होती. सावळी, चटपटीत, आणि जिभेची बापापेक्षाही तिखट. अक्काचा एकच घोशा होता. आपले डोळे मिटायच्या आत पोरीचं लग्न. संध्यालाही संसार हवा होता, आणि ती ते लपवत नव्हती. "काका, मला टेलिफोनवर लोकांच्या बायकांना लोकांचे नवरे जोडून देऊन कंटाळा आलाय," असं मलाच एकदा म्हणाली होती.

स्थळं येत होती. आणि धुरी ती एकेक करून घालवत होता.

पोह्यांच्या बशा हातात आल्या की हा सुरू. मुलाच्या बापाला विचारायचा, "रात्री किती वेळा उठता?" तो बिचारा बावचळून म्हणायचा, "कशाला?" "लघवीला हो." पाहुण्यांच्या हातातला पोह्यांचा घास तिथेच थांबायचा. मग आजोबांचा नंबर. "आजोबा कशाने गेले?" "म्हातारपणाने." "म्हातारपण हा आजार नाय. लिहिणाऱ्याने टाळाटाळ केलीय. नीट आठवा." एका होऊ घातलेल्या विहिणीला तर त्याने लोणचं वाढूच दिलं नाही. तिच्या मानेची शीर उडतेय म्हणाला. ती बाई जिन्यातून खाली उतरेपर्यंत त्याच्या सात पिढ्या उद्धरत होती.

चाळीत बोललं जाऊ लागलं. संपात गिरण्या बंद पडल्या होत्या, अर्ध्या चाळीतले बाप घरी पत्ते कुटत होते. अशात पगार आणणारी मुलगी कोण सोडतो? "धुरीला पोरगी नको, तिचा पगार हवाय," असं नळावर उघड म्हणायचे. ते त्याच्या कानावर जायचं. तो हसायचा. मलाही, खरं सांगतो, तसंच वाटायला लागलं होतं.

मग मी ठरवलं, आता ह्याची जिरवायची. मुलुंडला माझी ताई राहते. तिचा मोठा मुलगा सुधीर, चांगल्या कंपनीत, निर्व्यसनी. त्यांच्या घरात औषधाची बाटली म्हणजे फक्त अमृतांजन. चारी आजी-आजोबा कोकणात नारळ मोजत जिवंत. म्हटलं, ये धुरी, काढ आता नंबर.

रविवारी आम्ही सगळे धुरीकडे गेलो. धुरीने सगळे प्रश्न विचारले. ताईला मी पढवून नेलं होतं, तिने न लाजता फटाफट उत्तरं दिली. कोणी उठत नाही, कोणाला धाप नाही, कोणी अवेळी गेलं नाही. धुरीचे प्रश्न संपले. असं मी कधी बघितलं नव्हतं. संध्या चहा घेऊन आली, सुधीर काहीतरी पुटपुटला आणि ती खळखळून हसली. अक्काने पदराने डोळे टिपले. झालं म्हटलं, जमलं.

तेवढ्यात धुरी उठला, सुधीरच्या पुढ्यात उकिडवा बसला आणि त्याची पँट घोट्यापासून वर सारली. "हे काय हो?" म्हणेपर्यंत नडगीवर अंगठा रोवला, दाबून धरला आणि सोडला. पायावर सूज असेल तर अंगठ्याचा खड्डा राहतो. आमच्या खात्यात शिपायालाही हे ठाऊक असतं.

"खड्डा पडला," धुरी म्हणाला. "पाणी साठतंय. माफ करा, आम्हाला जमणार नाही."

मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. खड्डा पडला नव्हता. काठीसारखा पाय होता सुधीरचा. ताई ताडकन उठली. संध्या ट्रे हातात धरून तशीच उभी राहिली. सुधीर पँट खाली करत एवढंच म्हणाला, "मामा, चला."

दुसऱ्या दिवशी रेकॉर्ड रूममध्ये मी त्याला धरला. तोंडाला येईल ते बोललो. "हरामखोरा, पोरीचा पगार खातोस! माझ्या ताईच्या घरचा अपमान केलास! आणि खोटं बोललास. एका पॉइंटसाठी डॉक्टरांचे पाय धरणारा तू, धडधडीत खोटं बोललास. खड्डा पडला नव्हता!"

"नव्हता पडला," धुरी म्हणाला.

धुरी फायलींच्या गठ्ठ्यावर बसला. आणि एकदम मालवणीत शिरला. तो चिडला किंवा घाबरला तरच मालवणीत शिरायचा.

"तुका काय म्हायत आसा?" म्हणाला. "माझ्या चेडवाकच आसा रे ता."

संध्याला, त्याच्या पोरीलाच प्रेशर होतं. लहानपणी तिला सारखा ताप यायचा, लघवीत दोष होता, कोणी नीट बघितलं नाही, आणि त्यात एक किडनी सुकून गेली. कॉलेजात असताना डोकं दुखतं म्हणून धुरीने तिला आमच्याच मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. प्रेशर बघून डॉक्टर खुर्चीतून उठले. गोळ्या लागल्या त्या कायमच्या. आणि धुरीला एकट्याला बोलावून ते म्हणाले, लग्न खुशाल करा, पण दिवस जाऊ देऊ नका. दिवस राहिले तर पोरगी हातातून जाईल.

"कुठला नंबर?" मी सवयीने विचारलं. अशी आमची जात.

"नंबर नको विचारू," धुरी म्हणाला.

संध्याला त्याने अर्धशिशी सांगितली होती. रोज सकाळी तो गोळी आणि पाण्याचा पेला तिच्या हातात द्यायचा.

"अरे, मग मुलाकडच्यांना सांग ना सरळ," मी म्हणालो.

"कोणाला? तुझ्या ताईला? सांगतो. ती नाय म्हणेल, त्याचा मला राग नाय. पण उद्या भांडुपला कळेल, परवा मालवणला. आणि मग ते फिरून पोरीच्याच कानावर येईल. कोणीतरी नळावर तोंडावर बोलेल तिला."

"मग लोक करतात तसं कर. लपवून दे."

"आणि वर्षाच्या आत सासू नातू मागेल. ही देईल. हौशी आहे." त्याने माझ्याकडे बघितलं. "खोटा कोड लावून फाइल पुढे सरकवू मी? माझीच पोर?"

मी समोरचा केसपेपर उलटा करून ठेवला.

"म्हणून मीच वेडा झालो," धुरी म्हणाला. "मुलीत खोट नाय, बापात खोट आहे. असं लोक म्हणतात ना? म्हणूदेत. तिच्याकडे कोणी बोट दाखवत नाय."

मला त्याची कीव आली आणि त्याच क्षणी संतापही आला. तो अजूनही येतो. "तिला विचारलंस तू? की बाई गं, हे असं आहे, तुला काय हवंय? कोणी मूल नको म्हणणाराही भेटेल. तिचं आयुष्य आहे ते, धुरी!"

"विचारायचं तर आधी सांगावं लागतं."

"मग सांग!"

"रोज सकाळी सांगायचं ठरवून गोळी हातात ठेवतो. ती विचारते, बाबा, आता डोकं दुखत नाय माझं, मग ही गोळी कशामुळे? आणि हसते. मग राहून जातं."

जगाला कशामुळे कशामुळे विचारून हैराण करणारा माणूस, आणि घरात पोरगी तेच विचारायची तेव्हा ह्याची दातखीळ बसायची. त्याने मला माझ्या मुलांची शपथ घातली, कोणाला सांगायचं नाही म्हणून. मी ती पाळली. पाळायला नको होती का, ते मला आजही ठरवता येत नाही.

सुधीरचं पुढच्याच हंगामात डोंबिवलीच्या मुलीशी जमलं. ताईने बजावलं, त्यांच्याकडे पत्रिका द्यायची नाही. पण अक्काला बाहेरून कळलंच होतं, आणि आपण तोंड लपवल्यासारखं होईल म्हणून मी पेढे घेऊन गेलो. संध्या नुकतीच ड्यूटीवरून आली होती. तिने पुडा उघडला, एक पेढा उचलला, आणि बापाकडे वळली.

"घ्या बाबा. खा. सूज आलेल्या पायाने तो चढतोय बोहल्यावर."

"संध्या," अक्का म्हणाली.

"आत्या, तू थांब. मला एकदा विचारू दे. माझं काय चुकलं हो बाबा? मी काळी आहे? मी पळून जाणार आहे? की चाळ म्हणते तेच खरंय, पगार हवाय माझा? घ्या ना मग, सगळा घ्या! पण एकदा सांगा तरी, कशामुळे?" तिचा आवाज फाटला. चेहरा लालबुंद झाला होता, कपाळावर घाम डवरला होता. दारात शेजारणी गोळा झाल्या. "वैऱ्याला मिळू नये असला बाप!"

मी धुरीकडे बघितलं. आता तरी बोल, मेल्या. आता तरी.

"बरोबर आहे तुझं," धुरी म्हणाला. "मला बघवत नाय तू गेलेली. पगाराचंही आहेच."

शेजारणींनी एकमेकींकडे बघितलं. त्यांचं काम झालं होतं. संध्याने पेढा जमिनीवर फेकला. धुरी बाहेर गॅलरीत आला आणि मला दंडाला धरून कोपऱ्यात ओढलं.

"तू आत जा," तो म्हणाला. "तिला आडवी कर. उशी दोन दे, बोलू नको, पंखा लाव. घाम बघितलास ना तिचा? मी जातो खाली, नाक्यावर बसतो. मी समोर नसलो की उतरतं तिचं."

आणि तो शेजारणींच्या मधून वाट काढत जिना उतरला.

मी आत गेलो. पंखा लावला. संध्या भिंतीला टेकून खाली बसली होती.

"गेले?" तिने विचारलं.

"गेला."

तिने डोळे मिटले, आणि हळूहळू तिचा श्वास खाली आला.