रुखमाबाईंचे सहा फ्रिज

मंगळवारी सकाळी नऊ वाजता रुखमाबाईंच्या दोन खोल्यांत सहा फ्रिज होते, नऊ कूलर, पाच टीव्ही आणि एक वॉशिंग मशीन. मागच्या सांदीत ताडपत्रीखाली तीन मोटारसायकली होत्या. एवढ्या सगळ्यांना जागा व्हावी म्हणून रुखमाबाईंची बाज अंगणात कडुनिंबाखाली काढलेली होती. बल्ब एक होता, आणि तो बंद होता.

रश्मीने दोनदा मोजले. दोन्ही वेळा आकडा चोवीसच आला, बल्ब आणि रेडिओ सोडून.

"रुखमाबाई, काल तुमच्या घरी बल्ब अन् रेडिओ होता फक्त."

"आजबी तेवढंच हाये पोरी. बाकीचे पाहुणे हायेत."

"कोणाचे पाहुणे?"

"गावाचे. चहा मांगत नाईत, बोलत नाईत. माणसापेक्षा बरे हायेत."

रश्मी चंद्रपूरची, शास्त्राची पदवीधर. नागभीडकडच्या गावांत चाललेल्या एका आरोग्य पाहणीत ती कामाला होती. पाहणीचा प्रश्न सरळ होता: घरात वस्तू कमी असणाऱ्यांच्या रक्तदाबाचे काय होते आणि जास्त असणाऱ्यांच्या रक्तदाबाचे काय? त्यासाठी आधी घरातल्या वस्तू लिहायच्या, मग तिशीवरच्या प्रत्येकाचा दाब मोजायचा. पळसटोलीत सोमवारी तिने सुरुवात रुखमाबाईंपासून केली होती.

ती तीनच्या बसने परत गेली आणि खुशाल कामाला लागला. खुशालचे गावात किराणा दुकान होते आणि प्रत्येक गोष्टीवर मत होते. "फ्रिज हाये का, गाडी हाये का, हे काऊन विचारून राह्यली ते? राशन कार्ड कापाले!" त्याने दुकानासमोर जाहीर केले. मग उपायही त्यानेच सांगितला. रुखमाबाईंचे घर लिहून झाले होते. झालेल्या घरी परत कोण येते? तेरा घरांनी दिवस मावळायच्या आत आपापले सामान तिच्याकडे आणून टाकले. हिशोब चोख होता. रक्तदाब जास्त निघाला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावा लागतो, एवढेच खुशालला माहीत नव्हते.

आदल्या दिवशी रुखमाबाईंचा दाब १७८/१०४ होता. आज १७६/१०२ भरला.

"गोळ्या चालू होत्या ना तुमच्या?" रश्मीने विचारले.

"होत्या. संपल्या."

"मग सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात की."

"गोळी फुकट हाये बाई, रस्ता नाई. बावीस किलोमीटर जाचं, लाइनीत उभं राहाचं, यायले दिवस मावळते. हा तेंदूपत्त्याचा सिझन. पंधरा दिवस काम, त्यात एक दिवस गेला त गेला." त्यांनी दंडावरचा पट्टा स्वतःच सोडून रश्मीच्या हातात दिला. "खुशालच्या घरी मोटारसायकल हाये. त्याले बिमारी झाली त तो अर्ध्या घंट्यात पोचते. माह्या घरीबी तीन गाड्या हायेत म्हणा, पण मले चालवता येत नाई."

गावातली आशाताई रंजीता हे ऐकून हसली, पण रश्मी हसली नाही. उपाय होता आणि तो हाताशी होता. तिशीवरच्या लोकांपैकी नव्वद टक्के मोजून झाले, तर दर महिन्याला औषधांची गाडी गावात येणार होती. मुदत आजची होती. पळसटोलीत तिशीवरचे चौऱ्याहत्तर जण. सदुसष्ट तरी हवे होते.

विडीसाठी तेंदूची पाने तोडणारे जंगलातून अकराच्या सुमारास परतत आणि पुडे मोजून देण्यासाठी गावाबाहेर एका जागी बसत. रश्मी आणि रंजीता तिथेच जाऊन बसल्या. कोणी नाही म्हटले नाही. एक वाजेपर्यंत तेहतीस झाले. सामान न लपवलेल्या या घरांतले दोघे कामासाठी तेलंगणात होते, म्हणजे तिथले सगळे संपले. उरली ती तेरा घरे.

खुशाल दारातच आडवा आला.

"या मॅडम. पाहा. काईच नाई घरात. गरीब माणूस."

रश्मीने पाहिले. भिंतीवर स्टॅबिलायझरचा हिरवा दिवा लागलेला होता. त्याला काही जोडलेले नव्हते. खाली फरशीवर फ्रिजच्या चार पायांचे चार गोल डाग होते. खिडकीत कूलरच्या मापाचे भोक होते आणि त्यातून शेजारची बकरी आत पाहत होती.

"हे स्टॅबिलायझर?"

"ते... भिंतीले शोभा."

"बरं. दाब मोजू या?"

"मले कायचा दाब? आमी खातेपिते लोक. बिमारी गरिबाले होते."

"आत्ताच तुम्ही गरीब होता, भाऊ."

"मोजलं का निघते," खुशाल म्हणाला. "नाई मोजलं त कायचं निघते?"

तेरा घरांत हेच उत्तर तेरा आवाजांत मिळाले. "राशन कार्डाचा याच्याशी काही संबंध नाही," हे रश्मीने तेरा वेळा सांगितले. तीनची बस तिने सोडून दिली आणि रुखमाबाईंच्या कडुनिंबाखाली येऊन बसली. तेहतीस. चौतीस कमी.

"नाई आले?" रुखमाबाईंनी विचारले.

"नाही."

"येतीन. उन्हाचा पारा किती हाये?"

"पंचेचाळीस."

"मंग येतीनच."

चार वाजून दहा मिनिटांनी पहिला आला तो खुशाल. रात्रभर कूलरविना तळमळून त्याचे डोळे लाल झाले होते, आणि दुकानातली थंड पेयांची पेटी गरम झाली होती. "मावशी, पाहणी झाली. माहा कूलर अन् फ्रिज दे."

रुखमाबाई उंबरठ्यावर बसल्या. दार तेवढेच रुंद होते.

"घेऊन जा ना बापा. पहिले डावा हात दे."

"कायले?"

"रंजीता पट्टा बांधते."

रश्मी घाईने उठली. "रुखमाबाई, जबरदस्ती नाही करता येत. ज्याची त्याची मर्जी लागते."

"मी कुठी जबरदस्ती करून राह्यली? नाई मोजाचं त नको मोजू. फ्रिज राहू दे. मले काई अडचण नाई." त्या खुशालकडे वळल्या. "पण मी आता म्हातारी झाली. कोणतं सामान कोणाचं, ध्यानात राहत नाई. ते पोरगी वहीत लिवते, त्याच्या घराच्या नावावर. लिवलं का न्या."

खुशालने मागे पाहिले. धनराज आपली चारही माणसे घेऊन येत होता. त्याच्या बायकोला वॉशिंग मशीन आजच हवे होते. त्यांच्यामागे आणखी दोन घरे.

"मॅडम," खुशाल हळूच म्हणाला, "राशन कार्ड खरंच नाई ना कापत?"

"नाही."

"मंग फ्रिज लिवा. कूलर लिवा. मोटारसायकल तिकडची लाल." त्याने बाही वर केली.

"आता पाच मिनिटं शांत बसायचं. बोलायचं नाही," रश्मी म्हणाली.

गावाने खुशालला पाच मिनिटे गप्प बसलेले पहिल्यांदाच पाहिले. धनराजने मोबाइलवर फोटो काढला. दाब भरला १६४/९८.

"मशीन खराब हाये!"

"तुह्या फ्रिजवर लावून पाहा," रुखमाबाई म्हणाल्या.

पुन्हा पाच मिनिटे. १६२/९८. बाही खाली करून खुशाल आत शिरला. कूलर उचलायला हात लावणार, तोच रुखमाबाईंनी काठी आडवी केली.

"तुह्या घरी तिशीवरचे तीन हायेत. माय अन् बायको कुठी?"

"मी मोजलं ना!"

"तुह्या मोजण्याचं सामान तू घेऊन जा. मोटारसायकल ने. कूलर मायचा, फ्रिज बायकोचा."

खुशाल मोटारसायकलवर बसून गेला आणि मायला पुढे, बायकोला मागे बसवून आठ मिनिटांत परत आला. मग रांगच लागली. रंजीता पट्टा बांधत होती, रश्मी आकडे आणि वस्तू लिहीत होती, आणि रुखमाबाई उंबरठ्यावरून एकेक पाहुणा निरोप देऊन पाठवत होत्या. शेवटचा कूलर पावणेसातला गेला. रंजीताने बाज उचलून आत नेली. रुखमाबाईंनी बल्ब लावला.

तेरा घरांतल्या एकोणचाळीसपैकी अडतीस झाले होते. राहिलेला एक, धनराजचा भाऊ, नागपूरला होता. चौऱ्याहत्तरपैकी एकाहत्तर.

रश्मीने रात्री वही पूर्ण केली. फ्रिज, कूलर किंवा गाडी असलेल्या घरांत दाब जास्त असलेले तेरा. त्यांतल्या आठ जणांच्या गोळ्या चालू होत्या. यातले काहीच नसलेल्या घरांत दाब जास्त असलेले बारा. गोळ्या चालू असलेला एक.

औषधांची गाडी जूनच्या पहिल्या सोमवारी आली आणि त्यानंतर दर महिन्याला. सप्टेंबरमध्ये त्या बारांपैकी अकरा जणांच्या गोळ्या चालू होत्या. रुखमाबाईंचा दाब १३४/८२ होता.