पांढऱ्या कोटावरचा शिक्का

पुस्तकं बाद करण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता! छाती फुगवून लिहावं असं हे माझ्या आयुष्यातलं एकच वाक्य. तेसुद्धा लिहून झाल्यावर मी मागे वळून पाहिलं, कोणी वाचत तर नाही ना!

चौतीस वर्षं मी ग्रंथपाल होतो. बाद करण्याची पद्धत अगदी सोपी. प्रत्येक पुस्तकात तारखेची चिठ्ठी चिकटवलेली असते. पुस्तक वाचायला गेलं की चिठ्ठीवर तारीख पडते. वर्षानुवर्षं एकही तारीख पडली नाही, की पुस्तक फळीवरून खाली. मग पहिल्या पानावर जांभळा शिक्का: ‘बाद’. हा शिक्का मारावाच लागतो. नाही मारला, तर एखादा सज्जन माणूस ते पुस्तक रद्दीवाल्याकडून सोडवून परत आणून देतो आणि वर आपल्यालाच झापतो!

निवृत्त झालो तेव्हा कचेरीनं मला घड्याळ दिलं. शिक्का मीच आणला. खरं म्हणजे विचारून आणायचा होता. पण विचारायचं धाडस होईना, म्हणून खिशात टाकला.

गेल्या वर्षी एका मासिकात ‘मोजके कपडे, मोकळं मन’ असा लेख वाचला. आमचं कपाट त्या वेळी गुडघा लावल्याशिवाय बंद होत नव्हतं. मी माझ्या प्रत्येक कपड्याला टाचणीनं तारखेची चिठ्ठी लावली.

बायकोनं विचारलं, “अहो, हे काय नवीन?”

“कपडा घातला की तारीख टाकायची. वर्षभरात तारीख नाही, तर कपडा बाद.”

“माझ्या कपड्यांना हात लावायचा नाही हं!”

“छे, छे!”

गळका नळ दुरुस्त होत नाही असं कळल्यावर माणूस खाली बादली ठेवतो ना, तशा नजरेनं तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ती कामाला लागली.

वर्ष सरलं. आमची लेक डॉक्टर आहे. दुसऱ्या गावात ती स्वतःचा दवाखाना सुरू करणार होती. रविवारी सकाळी उद्घाटन. बायको मदतीला आठवडाभर आधीच गेली. घरात मी, कपाट आणि शिक्का!

मंगळवारी कामाला बसलो. संध्याकाळपर्यंत माझ्याकडे दोन सदरे, दोन विजारी आणि एक तपकिरी जाकीट उरलं. बाकी सगळ्यांच्या कॉलरींवर ‘बाद’. विजारींना कॉलर नसते, त्यांना कमरेत मारला. मग वरच्या खणात हात घातला, तर एक पांढरा लांब कोट हाताला लागला. घडीही मोडलेली नाही, चिठ्ठीही नाही. पुस्तकांवरची धूळ झाडताना आम्ही असेच कोट घालायचो. मला वाटलं, हाही शिक्क्यासारखाच न विचारता आलेला असणार. धप्प! बाद.

बुधवारी गठ्ठा घेऊन जुन्या कपड्यांच्या दुकानात गेलो. दुकानातल्या बाईंनी एक सदरा उचलून पाहिला.

“काका, हे बाद म्हणजे काय?”

“म्हणजे... चोरीचा नाही.”

“मी कुठं म्हटलं चोरीचा आहे?”

मी घाम पुसला आणि निघालो. पण पावलं कशी हलकी पडत होती! तीन दिवसांच्या प्रवासाचं सामान शाळेच्या दप्तराएवढ्या पिशवीत मावणार होतं. रस्त्यात मोठमोठ्या बॅगा ओढणारी माणसं पाहून मला त्यांची कीव आली. कीव येणं हे माझ्या बाबतीत इतकं दुर्मीळ आहे, की मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

गुरुवारी बायकोचा फोन आला.

“अहो, येताना वरच्या खणातला पांढरा कोट आणा. आठवणीनं!”

“कुठला पांढरा कोट?”

“कुठला म्हणजे? आईनं शिवलेला! आपली पोर आठ वर्षांची होती, डॉक्टर होणार म्हणाली, तेव्हा आईनं अंदाजानं मोठ्या मापाचा शिवून ठेवला. ‘स्वतःचा दवाखाना काढेल त्या दिवशी दे,’ म्हणाली होती. तुमच्यासमोरच तर दिला मला. तुम्ही ‘हं’ म्हणालात.”

म्हणालो असणार. मी तेव्हा वाचत होतो. वाचताना मी कशालाही ‘हं’ म्हणतो. लग्नालासुद्धा बहुधा तसाच म्हणालो असेन.

“ऐकताय ना?”

“हं,” मी म्हणालो.

सासूबाई गावातल्या नावाजलेल्या शिवणकाम करणाऱ्या. जाऊन बारा वर्षं झाली. शेवटी शेवटी त्यांना सुईत दोरा ओवता येत नव्हता. त्या गेल्यावर लेक दोन दिवस जेवली नव्हती. आणि मी त्या कोटाच्या मानेवर शिक्का मारला होता!

धावत दुकान गाठलं.

“पांढरा कोट? तो काल लगेच गेला की! कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं नेला. त्याला अगदी शोभला हो!”

न्हाव्याच्या दुकानाच्या काचेतून आत पाहिलं. सासूबाईंचा कोट घालून तो कोणाची तरी दाढी करत होता. बाकावर बसलेलं एक गिऱ्हाईक ओरडत होतं, “ओ डॉक्टर, आमचा नंबर कधी?” न्हावी खुशीत हसत होता. मी मनात वाक्य तयार केलं: ‘तुमच्या अंगावरचा कोट चुकून दिला गेला, कृपया परत करावा.’ मग ‘कृपया’ आधी घ्यावं की नंतर, याचा विचार करत असतानाच त्यानं दार उघडलं.

“या काका, बसा!”

मी बसलो. त्यानं गळ्याभोवती कापड गुंडाळलं.

“बारीक करू?”

मला म्हणायचं होतं, कोट. मी म्हणालो, “हो.”

केस बारीक झाले. मी तोंड उघडलं.

“दाढी करायची ना? करू की!” त्यानं साबण लावला. उघडलेल्या तोंडात फेस गेला.

दाढी झाली. मी पुन्हा तोंड उघडलं.

“मिशीचं म्हणताय? मीही तेच म्हणणार होतो. काढू या. दहा वर्षांनी लहान दिसाल!”

“अहो, ती...”

गेली! एकोणपन्नास वर्षांची मिशी, दोन फटक्यांत! मी हबकून आरशात पाहत राहिलो. तो समजला, मी विचारात पडलोय.

“खरं सांगू का काका? मिशी गेल्यावर डोक्यावरचे हे चार केस उगाच वाटतात.”

आणि त्यानं डोक्यावर वस्तरा फिरवायला सुरुवातही केली. आता मला रडूच आलं.

“डोळ्यांत साबण गेला का?”

“नाही. तो कोट...” आणि मग सगळं भडाभडा बाहेर पडलं: लेक, सासूबाई, शिक्का, मासिकातला लेख. बाकावरचं गिऱ्हाईक वर्तमानपत्र खाली ठेवून ऐकू लागलं. न्हाव्यानं वस्तरा खाली ठेवला, कोट काढला, झटकला आणि घडी करून माझ्या मांडीवर ठेवला.

“आधी बोलायचं ना, काका! मिशी तरी वाचली असती!”

माझं डोकं एव्हाना अर्धं गुळगुळीत झालं होतं. अर्धवट कसं सोडणार, म्हणून तो उरलेलं करू लागला. पण आता तो नुसत्या बनियनवर उभा होता आणि बाकावर तीन माणसं खोळंबली होती. मला इतकी लाज वाटली, की मी माझं तपकिरी जाकीट काढून त्याला दिलं. त्याचे हात कोपरापर्यंतच झाकले गेले. तो “छान आहे” म्हणाला. भला माणूस!

शुक्रवार, शनिवार मी कोट धूत होतो. कोटावरचे केस गेले. शिक्का जाईना. जाणार कसा? शंभर वर्षं टिकणारी शाई मीच तर शोधून मागवली होती! घासून घासून ‘बाद’ जरा फिकं झालं आणि दुप्पट मोठं झालं. कापड पातळ, त्यामुळे आतला शिक्का बाहेरूनही वाचता येत होता. सुलटा नव्हे, पण वाचता येत होता.

रविवारी सकाळी, बोडक्या डोक्यानं, बिनमिशीचा, नुसत्या सदऱ्यावर, दप्तराएवढी पिशवी घेऊन मी दवाखान्याच्या दारात उभा राहिलो. बायको समोर आली.

“दवाखाना दहाला उघडेल हं, आजोबा. तोवर बाकावर बसा.”

“अगं, मी!”

ती भिंतीला टेकली. मी कोट पुढे केला आणि सगळं सांगितलं. तिनं कॉलर उलटी करून शिक्का पाहिला. ती बडबडली असती तर बरं झालं असतं, असं चाळीस वर्षांत मला पहिल्यांदा वाटलं. तिनं बोटानं नुसती ती शिवण चाचपली, कॉलरीच्या कडेनं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

लेक बाहेर आली. तिनं कोट पाहिला, माझं डोकं पाहिलं, आईचा चेहरा पाहिला. डॉक्टरच ती, तिला निदान लगेच झालं.

“आजीचा?”

“हो. पण बाळा, तू घालू नकोस. लोक काय...”

“बाबा, मी हाच घालणार.”

घातला. खांद्यांत, बाह्यांत, कुठंही बोटभर इकडे तिकडे नाही! तिनं मानेवर केस मोकळे सोडले, शिक्का झाकला गेला. पाहुणे जमले, टाळ्या झाल्या आणि पहिली पेशंट आत आली: काठी टेकत आलेल्या एक म्हाताऱ्या बाई. लेक त्यांचा गुडघा पाहायला वाकली. केस पुढे आले. बाईंनी चष्मा सावरला.

“थांब गं पोरी. हे मानेवर काय लिहिलंय? बाद?”

बाई काठी शोधू लागल्या. “मी आपली जुन्या डॉक्टरांकडेच बरी...”

लेकीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लहानपणी ती रडण्याआधी तशाच व्हायच्या. तिची आई माझ्याकडे पाहत होती. तीस-पस्तीस माणसं खोलीत होती. एवढ्या माणसांपुढे मी कधी बोललो नाही. निरोपसमारंभात माझं भाषणही शिपायानं वाचलं होतं.

“शिक्का मी मारला!” मी ओरडलो. खरंच ओरडलो! “तिचा काही दोष नाही. तिच्या आजीनं शिवलेला कोट आहे. मी न पाहता, न विचारता मारला. ती फार चांगली डॉक्टर आहे. मूर्ख मी आहे.”

बाई वळल्या. “तुम्ही कोण?”

“मी... तिचा बाप.”

त्यांनी माझं तासलेलं डोकं पाहिलं, वस्तऱ्यानं कापलेला ओठ पाहिला. मग काठी भिंतीला टेकवली, परत खुर्चीत नीट बसल्या आणि लेकीला म्हणाल्या,

“पोरी, आधी यांना बघून घे. माझा गुडघा थांबेल.”