बोट चालू करून दाखवा

इंजिन म्हणजे इंजिन! ते स्कूटरला असो, जनरेटरला असो, नाहीतर बोटीला. शमशुद्दीनचा हात लागला की ते सुरू होणारच! बिबवेवाडीत सत्तावीस वर्षं गॅरेज चालवतोय मी, उगाच नाही. कोथरूडच्या श्यामसुंदरकाकांना हे सगळं फोनवर ऐकवलं, फोन ठेवला, आणि मग आठवलं, की बोटीचं इंजिन आपण आजवर फक्त लांबून पाहिलंय!

काका बँकेतून रिटायर झालेले, माझं जुनं गिऱ्हाईक. राधाकाकूंना पानशेतच्या पाण्यात फिरवायचं म्हणून त्यांनी एक सेकंडहँड बोट घेतली आणि ट्रेलरसकट सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणून लावली. पाच महिने ती तिथेच! शेवटी कुणीतरी तक्रार केली. सोसायटीचा नियम असा, की पार्किंग फक्त चालू वाहनाला. चेअरमन शालनताईंनी चिठ्ठी धाडली : 'रविवारी सकाळी दहाला इंजिन चालू करून दाखवावे. साडेदहाला भंगारवाल्यास बोलावले आहे.'

"शमशुद्दीनभाई, माझी बोट वाचवा हो!" काका फोनवर म्हणाले होते. आवाज इतका रडवेला, की मलाच भरून आलं.

रविवारी आठला मी हजर. हे इंजिन पाण्यात बुडवूनच चालवायचं, नाहीतर तापून बसतं, एवढं मी मोबाइलवर बघून आलो होतो. काकांनी इंजिनाखाली पिंप भरून ठेवलं होतं. चावी फिरवली. पेट्रोलचा पंप 'बुईं' करून थांबला, स्टार्टर घर्र घर्र फिरला, पण इंजिन काही पेटेना!

"फ्युएल इंजेक्शन आहे काका. नाजूक प्रकरण."

"म्हणजे?"

"म्हणजे कार्ब्युरेटर असता तर चार शिव्या घालून चालू केलं असतं. याला कंप्यूटर असतो, त्याला शिव्या कळत नाहीत!"

जुनं पेट्रोल उपसून नवं भरलं. घर्र घर्र! फिल्टर बदलला. घर्र घर्र! प्लग काढून पाहिले, तर ठिणगीच नाही! मग फ्यूज काढले, वायरी सोडल्या, दिसेल ते झाकण उघडलं. साडेनऊला बोटीत कमी आणि खाली पसरलेल्या पेपरवर जास्त सामान होतं. वॉचमन भैरू खुर्ची घेऊन समोरच बसला होता.

"काय मिस्त्री, भंगारवाल्याला सुटं करून देताय व्हय?"

काकांनी घाबरून माझ्याकडे पाहिलं. "कंप्यूटर गेलाय," मी डॉक्टरी आवाजात सांगितलं. काका पायरीवर मटकन बसले!

तेवढ्यात माझी मुलगी सुहाना डबा घेऊन आली.

"अब्बा, मॅन्युअल वाचलंत?"

"सत्तावीस वर्षांत कधी वाचलं नाही!"

"ते दिसतंच आहे," असं म्हणून तिने मोबाइल काढला. "हे बघा. एक लाल, गुंडाळीची दोरी असते. एक टोक चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवायचं, दुसऱ्या टोकाची क्लिप चावीशेजारच्या बटणात. माणूस पाण्यात पडला की क्लिप निघते आणि इंजिन बंद. क्लिपच नसेल तर ठिणगी पडणारच नाही!"

चावीशेजारचं बटण उघडंबोडकं होतं.

"काका, लाल दोरी कुठाय?"

काकांचा चेहरा पडला. "टेलिफोनच्या वायरसारखी? ती... ओट्याजवळ आहे. तिला गॅसचा लायटर बांधलाय."

"लायटर?"

"रोज हरवायचा हो! बँकेत काउंटरवरचं पेन आम्ही बांधूनच ठेवायचो. पस्तीस वर्षांत एक गेलं नाही!"

काका धावत पहिल्या मजल्यावर गेले आणि दोरी घेऊन आले. गाठ बँकेची होती, सुटेना! तोवर मी पेपरवरचं सामान हाताला येईल तसं इंजिनात कोंबलं. दहाच्या ठोक्याला शालनताई रजिस्टर घेऊन हजर. मी क्लिप बसवली. खाली लायटर लोंबकळत होता.

"हे काय?" शालनताईंनी विचारलं.

"सेफ्टी!" मी म्हणालो आणि चावी फिरवली.

इंजिन असं गर्जलं, की भैरू खुर्चीसकट मागे सरकला! इंजिनातून पाण्याची पिचकारी उडाली ती थेट शालनताईंच्या रजिस्टरवर. काका अक्षरशः नाचले! मी सुहानाकडे पाहून कॉलर ताठ केली आणि इंजिन बंद केलं.

शालनताईंनी चष्मा पुसला. "वाहन चालू आहे. मान्य. तक्रार निकाली काढायला तक्रारदाराची सही हवी." मग त्यांनी वर गॅलरीकडे पाहिलं. "राधाताई, खाली येता?"

काका नाचायचे थांबले.

"राधा, तू?"

"मला पाण्याची भीती वाटते हो!" काकू खाली येत म्हणाल्या. "इतक्या वर्षांत एकदा तरी विचारलंत?"

"सरप्राइज होतं गं..."

"पाच महिने पार्किंगमध्ये उभं होतं, सरप्राइज!"

काका बोटीची कड धरून उभे राहिले. त्यांचं तोंड बघवेना. काकूंनाही ते बघवलं नसावं. त्यांनी ओल्या रजिस्टरवर सही केली. "न्या पानशेतला. मी काठावर बसेन, तुम्ही फिरा," त्या म्हणाल्या, आणि काका पुन्हा खुलले.

मग मला बाजूला घेऊन काकू हळूच म्हणाल्या, "शमशुद्दीनभाई, यांना पोहता येत नाही. बोट लांब न जाता काठाजवळच बंद पडेल, असं काही करता येईल का?"

मी खिशात हात घातला. आत तीन स्क्रू आणि एक वॉशर होता.

"निश्चिंत राहा काकू," मी म्हटलं, "ते काम झालेलंच आहे!"