नारबामामांचे मुलकी मासे

तुमच्या गावच्या तळ्यातला मासा तुमच्याच गावचा आहे, हे तुम्ही सिद्ध करू शकाल का? नाही ना? मग आमच्या डोंगरकड्याच्या तळ्यावर तुमची डाळ शिजली नसती. तिथे तळ्याचे सरकारी राखणदार नारबा जमादार प्रत्येक माशाची चौकशी करीत. कुणाच्या गळाला मासा लागला की ते तो दोन्ही हातांत धरत, त्याच्या तोंडाकडे रोखून बघत आणि निकाल देत, "ह्याचा आजा ह्याच तळ्यातला. मुलकी हाय." नाहीतर, "पाव्हणा हाय. गैरमुलकी."

हे शब्द त्यांनी कचेरीतून उचलले होते. निजामाच्या राज्यात नोकरी हवी तर माणूस मुलकी, म्हणजे इथलाच, असल्याचा दाखला लागे. बाहेरचा तो गैरमुलकी. हा कायदा माशांना लावणारे नारबामामा अख्ख्या राज्यात एकटेच असावेत. आणि त्यांच्याकडे दाखल्यासाठी हेलपाटे घालावे लागत नसत.

जातीने भोई. गावात लहानथोर सगळे त्यांना 'ए नारबा' म्हणत. वऱ्हाडातून पिठाच्या डब्यात लपवून आलेली निजामाविरुद्धची पत्रके वाचून मी नुकताच पेटलो होतो, म्हणून मी तत्त्वाने 'नारबामामा' म्हणू लागलो. त्यांना तत्त्व कळले नाही. भाचा मिळाला असे समजून त्यांनी मला तळ्यातले शेवाळ काढायला लावले.

मी शाळामास्तरांचा मुलगा, म्हणून ते मला 'धाकले मास्तर' म्हणत. एकदा मी हौसेने गळ घेऊन गेलो, तर त्यांनी काठी आडवी धरली.

"धाकले मास्तर, तुमचा जलम कुठला?"

"आजोळचा. पुसदचा."

"म्हंजे वऱ्हाड. विंग्रजी मुलूख. तुमी गैरमुलकी. तिकडं पाव्हण्यांच्या अंगाला बसा."

राज्य उलथून टाकायला निघालेला मी मुकाट्याने पलीकडे जाऊन बसलो.

आता हे पाहुणे कोण? आमच्या तहसीलदारसाहेबांना गळाचा भारी नाद. दर शुक्रवारी कचेरीला सुट्टी, की साहेब तळ्यावर. खुर्ची, छत्री, पानदान आणि हैदराबादेहून आणलेली गळाची काठी. पण आमची मरळ अडाणी. गळ गिळायची, दोरीसकट पाणगवतात घुसायची आणि साहेबांना तोंडघशी पाडायची. म्हणून साहेबांनी कुठूनसे विलायती मासे मागवले. ते पिठाच्या गोळीला लागतात आणि शहाण्यासारखे वर येतात म्हणे.

हे शहाणे मासे पत्र्याच्या डब्यांतून आगगाडीने हिंगोलीला उतरले आणि तिथून बैलगाडीने निघाले. त्यांना हवा मिळावी म्हणून नारबामामा वाटभर डब्यांतले पाणी हाताने ढवळत आले. तरी निम्मे मेले. ते मामांनी बांधावर पुरले. मी म्हटले, "अहो, मासेच ते. खायचे की!"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "पाव्हण्याला खातेत का?"

जगलेल्यांसाठी त्यांनी तळ्याच्या मधोमध बांबूच्या तट्ट्या रोवल्या. खोल पाण्यात पाहुणे, पाणगवताच्या उथळ अंगाला मरळ, वांब, शिंगटी ही मुलकी मंडळी. नियमही केले. एका गळवाल्याने एकच मुलकी मासा न्यायचा. गाभोळीची मादी सोडून द्यायची. एकदा एका मोठ्या देशमुखांच्या पिशवीतून त्यांनी दोन मरळ काढून पाण्यात सोडल्या आणि वर विचारले, "तुमच्या घरातली दोन माणसं कुनी नेली तर चालंल का?" देशमुखांचे तोंड मी पाहिले. आमच्या सगळ्या पत्रकांनी मिळून एका देशमुखाचे तोंड तसे केले नव्हते.

पण मरळीला तट्ट्या कळेनात. ती उडी मारून पलीकडे जाई आणि पाहुण्यांची पिल्ले खाई. साहेबांच्या हे ध्यानात आले आणि हुकूम सुटला, "नारबा, सारी मरल निकाल दो. एक भी नहीं होना."

मला स्फुरण चढले. मी रात्रंदिवस खपून एक पत्रक लिहिले, 'परक्या माशांना हाकला!' त्यात विलायती मासा म्हणजे जुलमी सत्ता, मरळ म्हणजे रयत आणि नारबामामा म्हणजे रयतेचा सेनापती. ते मी त्यांना मोठ्या आवाजात वाचून दाखवले.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाले, "समदं बराबर हाय. पर त्या पाव्हण्यांनी तुमचं काय केलं?"

"मामा, ते प्रतीक आहे!"

"आसंल. पर त्ये का आपल्या पायानं आले? डब्यात घालून आनले त्यांस्नी. आता काहून हाकलता?"

मी पत्रक खिशात घातले. ते अजून छापलेले नाही.

साहेबांचा हुकूम मात्र त्यांनी पाळला, स्वतःच्या पद्धतीने. मरळ ओल्या गोणपाटात बराच वेळ जगते. मामा एकेक मरळ धरत, गोणपाटात गुंडाळून छातीशी धरत आणि गावामागच्या पडक्या बारवेत सोडून येत. साहेबांनी विचारले की सांगत, "बंदोबस्त करून राहिलो, हुजूर." ते खोटे नव्हते.

एक जोडी तेवढी राहिली. आषाढ सरत आला होता आणि पाणगवताच्या कडेला पाण्यावर ताटलीएवढा लाल डाग हलू लागला होता. तो डाग म्हणजे मरळीची शेकडो पिल्ले. खाली नर राखणीला असतो. त्या शुक्रवारी साहेबांनी तो पाहिला.

मुरलेल्या गळवाल्याला यातली युक्ती माहीत असते. पिल्लांच्या मधोमध गळाला लावलेला बेडूक टाकायचा. भूक असो नसो, पिल्ले वाचवायला नर त्यावर झडप घालतोच. साहेबांनी बेडूक लावला.

नारबामामा धोतर खोचून सरळ पाण्यात उतरले आणि कमरेएवढ्या पाण्यात लाल डागापुढे उभे राहिले.

"हट जा, नारबा!"

"आठ दिस द्या, हुजूर. लेकरं पांगली की मी सवताच बापाला काढतो."

"हट जा बोला ना!"

साहेबांनी काठी फिरवली. दोरी ताणली गेली, काठी वाकली. साहेबांना वाटले, लागला! त्यांनी जोराने ओढले. गळ नारबामामांच्या दंडात रुतला होता. मामांनी रक्ताळलेला हात वर केला.

"सोडा, हुजूर. ह्यो मुलकी हाय."

मी हसलो. देवाशपथ, मला हसू आवरले नाही. साहेब हसले नाहीत. त्यांनी तिथल्या तिथे मामांचा जमादारकीचा पितळी बिल्ला काढून घेतला.

त्यानंतरचे आठ दिवस मामा बिल्ल्याशिवाय, दंडाला हळद बांधून, त्या काठावरच बसून होते. साहेबांनी तो नर धरायला पाठवलेले शिपाई त्यांना बघून लांबूनच परत जात. आठव्या दिवशी लाल डाग विरला. मामांनी नराला गोणपाटात घेतले आणि बारवेकडे निघाले. दिला शब्द पाळायचा होता.

वाटेत मी विचारले, "मामा, एका माशापायी नोकरी घालवलीत?"

ते म्हणाले, "जवानीत मी डोली उचलायचो. एका साल एका साहेबाला घेऊन औंढ्याला गेलो. घरी दोन लेकरं व्हती. गावात पटकी आली व्हती. कारभारीन म्हनली, जाऊ नका. पर हुकूम व्हता. गेलो." त्यांनी गोणपाटावर पाणी शिंपडले. "चौथ्या दिशी आलो. कुनीच न्हवतं. तिघंबी." मग गोणपाटातल्या माशाकडे बघून म्हणाले, "ह्यो न्हाई गेला बगा."

मी गोणपाटाचे दुसरे टोक धरले.

आता साहेब गेले, निजामी गेली, सुट्टीचा शुक्रवार जाऊन रविवार आला. तट्ट्या कुजल्या. पावसाने भरून वाहिलेल्या बारवेतून ओढ्याच्या पाण्याबरोबर मरळ तळ्यात परतली आणि मुलकी-गैरमुलकी एकाच पाण्यात नांदू लागले. मामा अजून काठावर बसतात, पण बिल्ला नाही, त्यामुळे त्यांचे कुणी ऐकत नाही. म्हणून मी हे लिहिले.

गळ घेऊन कुठल्याही तळ्यावर जा, हवा तो मासा धरा. पण पाण्यावर लाल डाग हलताना दिसला, तर दोरी गुंडाळा आणि आठ दिवसांनी या. खाली जो आहे, तो तुमचा बेडूक बघूनही पळणार नाही.