ब गटाने काहीच केले नाही

चिठ्ठी उघडून घड्याळकाकांनी चष्मा कपाळावर ढकलला, परत नाकावर घेतला आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "ब म्हणजे काय गं पोरी?"

"ब गटानं काही करायचं नाही, काका," संशोधक मुलगी म्हणाली.

"काही म्हणजे?"

"काहीच नाही. अ गट दर आठवड्याला इथे जमेल, खेळेल, मातीच्या वस्तू करेल. तुम्ही आपापल्या घरी रोजच्यासारखंच राहायचं. महिन्यातून एकदा हा प्रश्नांचा कागद भरून द्यायचा, बस्स."

हॉलमध्ये चोवीस म्हातारी माणसं बसली होती. सगळी घरी एकटी राहणारी. अशी माणसं एकत्र येऊन काही करू लागली तर त्यांचा एकटेपणा कमी होतो का, हे त्या मुलीला तपासायचं होतं. बारा जण अ, बारा जण ब, मुदत तीन महिने. तिची तीन वर्षं या कामात गेली होती आणि पदवी यावरच अडकली होती. त्यात तिचे सर तीन महिन्यांनी निवृत्त होणार होते. ते जायच्या आधी काम उरकून त्यांची सही मिळाली नाही, तर नवे साहेब येऊन सगळं पहिल्यापासून करायला लावणार, हे शेंबडं पोरही सांगेल.

"पण मग आम्ही हवेत कशाला?" काका हटायला तयार नव्हते.

"तुलनेला. तुम्ही जागचे हलला नाहीत, तरच अ गट किती पुढे गेला ते कळेल ना! ब गट बिघडला, तर माझी तीन वर्षं पाण्यात."

ती हसत हसत बोलून गेली. माणसानं कुणासमोर काय हसत बोलावं याचा जरा विचार करावा. काकांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती. त्यांच्या दुकानात भिंतीवर एक मोठं घड्याळ होतं. बाकीची सगळी घड्याळं त्याच्यावरून लावायची आणि त्याला मात्र कुणी बोटसुद्धा लावायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. एकदा सख्ख्या मेव्हण्यानं लावलं, तर त्याच्याशी दोन वर्षं अबोला धरला होता.

"समजलं," काका गंभीरपणे म्हणाले. "आम्ही भिंतीवरचं घड्याळ. तू निर्धास्त राहा."

आणि घोळ झाला तो इथे.

दाराशीच त्यांनी ब गटातल्या उरलेल्या अकरा जणांना अडवलं. त्यात एक रिटायर्ड बसकंडक्टर होते. ते सहज म्हणाले, "मी म्हणतोय, पेटी शिकायला जावं."

"खबरदार!" काका कडाडले. "तीन महिने पेटी नाही नि बिटी नाही! पोरीचं वाटोळं करायचंय का?"

"मग करू काय?"

"काही नाही! तेच तर करायचंय!"

काकांनी जुन्या पावतीबुकाच्या पाठीवर सगळ्यांचे फोन नंबर उतरवून घेतले. माणसाचा काय भरवसा? एकटं माणूस, मोहाला बळी पडायचं. त्या संध्याकाळपासून त्यांनी रोज अकरा फोन लावायला सुरुवात केली.

"आज काही केलं नाहीत ना?"

"नाही हो काका. नुसती बसले होते."

"शाब्बास. कशा बसला होतात?"

आता बसण्याचं वर्णन दोन वाक्यांत कसं संपणार? सिस्टर म्हणजे हॉस्पिटलात तीस वर्षं काढलेल्या नर्सबाई. त्यांचा फोन तर पाऊण तास चाले. पंधरा दिवसांत काकांचा कान दुखायला लागला. तेव्हा सिस्टरांनीच तोडगा काढला. "फोनवर कुणीही थापा मारेल. दर गुरुवारी तुमच्या दुकानात जमू. समोरासमोर तपासणी होईल."

दुकान बंद होऊन पाच वर्षं झाली होती, पण स्टुलं होती आणि भिंतीवरचं घड्याळ चालू होतं. बारा जण दुपारी चारला यायचे आणि कडक शिस्तीत काही न करता सहापर्यंत बसायचे. काकांनी रजिस्टर सुरू केलं. तारीख, हजेरी आणि शेरा: काही केले नाही.

नियम सोपे नव्हते. एकानं पत्ते आणले, ते जप्त झाले. एक आजी विणकाम घेऊन आल्या, तर सुया काढून घेतल्या. गप्पांवर मात्र मोठा वाद झाला.

"बोलणं म्हणजे काहीतरी करणंच की," कंडक्टर म्हणाले.

"छे! तोंड आहे, ते चालायचंच," सिस्टरांनी निकाल दिला. चहाही त्याच न्यायानं मंजूर झाला.

मध्येच कंडक्टरांना ताप भरला. आता घरात पडल्या पडल्या त्यांनी रेडिओवर पेटी ऐकली तर? म्हणून पाळ्या लावून दोघं दोघं त्यांच्या उशाशी जाऊन बसू लागले. सिस्टर येताना पेज आणायच्या. "हे करण्यात धरायचं नाही, हे नर्सिंग आहे," असं त्यांनी आधीच बजावलं होतं. कंडक्टर बरे झाले तेव्हा, का कोण जाणे, जरा हिरमुसले.

तिकडे अ गटात सगळं छान चाललं होतं, म्हणजे वेळापत्रकात. प्रत्यक्षात मातीच्या हत्तीची सोंड कुणी मोडली यावरून दोन तट पडले. शेजारी बसलेल्याबद्दल एक चांगलं वाक्य बोला म्हटल्यावर एक आजोबा पाच मिनिटं नुसते विचार करत बसले, ते शेजारणीच्या जिव्हारी लागलं.

दोन महिन्यांचे कागद हाती आले आणि मुलीला घाम फुटला. अ गटाचा एकटेपणा होता तिथेच होता. ब गटाचा निम्म्यावर आला होता.

"गट उलटे मांडलेस का?" सरांनी विचारलं.

"चार वेळा तपासलं, सर."

"मग ब गटानं काहीतरी केलंय."

ती तशीच उठली आणि काकांचं दुकान गाठलं. नेमका गुरुवार होता. अर्धं शटर वर होतं. ती वाकून आत शिरली, तर बारा माणसं स्टुलांवर गोल बसलेली, आणि कंडक्टरांच्या कुठल्याशा गोष्टीवर डोळ्यांत पाणी येईतो हसणारी.

"ये ये पोरी!" काकांनी अभिमानानं रजिस्टर पुढे केलं. "बघ! एकदाही काही केलं नाही!"

तिनं रजिस्टर चाळलं. मग मटकन एका स्टुलावर बसली आणि सगळं सांगितलं. काकांचा चेहरा पार उतरला.

"म्हणजे आम्हीच बिघडवलं? चाळीस वर्षं त्या घड्याळाला हात लावला नाही, आणि तुझं..."

"हात नाही लावलात, काका," ती म्हणाली. तिला रडू येत होतं की हसू, तिचं तिलाच कळेना. "बारा जणांनी मिळून रोज किल्ली दिलीत."

सरांना तिनं काही लपवलं नाही. पावतीबुकापासून पेजेपर्यंत सगळं सांगून रजिस्टर टेबलावर ठेवलं आणि मान खाली घातली. सर बराच वेळ पानं उलटत राहिले.

"जसं घडलं तसं लिही," ते शेवटी म्हणाले. "मी सही करून जाईन. खरं लिहिलंस तर तुझी पदवी कोण अडवतो ते बघू." मग खिडकीबाहेर बघत त्यांनी अगदी सहज विचारलं, "गुरुवारी किती वाजता जमतात म्हणालीस?"

तीन महिने संपले त्या गुरुवारी काकांनी रजिस्टर मिटलं. "मंडळी, अभ्यास संपला. आता ज्यानं त्यानं आपापल्या घरी हवं ते करावं. कंडक्टर, तुम्ही पेटी शिका."

कुणी उठेना. कंडक्टर म्हणाले, "पेटीची आता तशी घाई नाही." सिस्टर पदराला उगाच पीळ घालत बसल्या आणि काकांनी मिटलेलं रजिस्टर परत उघडलं, परत मिटलं.

तेवढ्यात शटर वाजलं. मुलगी आत आली. तिच्या मागे वाकत, कंबर धरत सर.

"हे काल रिटायर झाले," ती म्हणाली. "घरी कुणी नसतं. खोलीवर माझ्याही कुणी नसतं, काका. आम्हाला घ्याल?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, आणि रजिस्टरचं नवं पान उघडून लिहिलं: हजर चौदा.

सरांनी पाहिलं, स्टुलं दोन कमी होती. ते बाह्या सरसावून कोपऱ्यातलं खोकं ओढायला निघाले.

"ओ साहेब!" बाराही जण ओरडले. "पहिल्याच दिवशी नियम मोडताय? बसा गुपचूप!"